बिनआवाजाची गाडी

बाबा,

मी गाडी घेतली. तुम्ही असता तर आधी "कोणाची?" असं विचारलं असतंत आणि माझी म्हटल्यावर चष्मा काढून उगाचच पुसत बसला असतात. आपल्या घरात गाडी म्हणजे गावाला जाणारी एसटी. ही तशी लहानशीच आहे, पण थाट श्रीमंती. जीपसारखी उंच, तरी जीप नव्हे. शोरूममधला विक्रेता तिला क्रॉसओव्हर म्हणतो. एकच गाडी तीन तऱ्हांनी मिळते: एक पेट्रोलवर चालणारी, एक पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, तिला हायब्रिड म्हणतात, आणि एक नुसत्या विजेवर. बाहेरून बघाल तर तिघी सख्ख्या बहिणी. माझी राखाडी रंगाची आहे. आईला तो रंग आवडलेला नाही, "राखेचो रंग कोण घेता?" म्हणते.

तुम्ही मला एकदा गिरगावात तुमच्या छापखान्यात नेलं होतंत, आठवतं? मी दुसरी-तिसरीत असेन. परत येताना चौपाटीच्या रस्त्यावर एक लांबलचक पांढरी मोटार उभी होती आणि मी तिच्या दाराला टेकून काचेतून आत बघत होते. आत लाल गाद्या होत्या. तुम्ही माझा दंड धरून मला मागे ओढलंत. "लोकांच्या गाडीक हात लावूचो नाय. आपला नाय ता आपला नाय." एवढंच बोललात, पण असं बोललात की मी घरापर्यंत हात फ्रॉकच्या खिशातून काढले नाहीत. मला फार राग आला होता तुमचा. खरं सांगायचं तर थोडा अजून शिल्लक आहे. शोरूममध्ये पहिल्या दिवशी दार उघडायच्या आधी मी "हात लावू का?" असं विचारलं. विक्रेत्याला वाटलं, बाई फार सभ्य आहेत. तुम्हीच अजून माझा दंड धरून उभे होतात, हे त्याला कसं कळणार?

पण गाडी मी हौसेखातर घेतली नाही. म्हणजे हौस होतीच, तुमच्याशी कशाला खोटं बोलू, पण कारण आई आहे. तुम्ही गेलात त्या संध्याकाळपासून आई कुठल्याही मोटारीत बसलेली नाही. टॅक्सी नाही, रिक्षा नाही, लग्नाच्या वऱ्हाडाची गाडीसुद्धा नाही. काळाचौकीतून परळ काही लांब नाही, त्यामुळे बरीच वर्षं तिचं अडलं नाही. सगळीकडे चालत जायची, अगदीच लांब असेल तर बस, तीही जीव मुठीत धरून. नातेवाइकांना तो तिचा हट्ट वाटायचा, मलाही वाटायचा. मग तिचे गुडघे गेले, आणि पाठोपाठ डोळे जायला लागले. डोळ्याच्या पडद्यात पाणी साठतं, त्यासाठी परळच्या इस्पितळात ठरावीक दिवसांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. बसच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. व्हीलचेअरवर बसवून रस्त्याने न्यायचं म्हटलं तर "माका काय मिरवणुकीत काढतंस?" असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली. इंजेक्शनं चुकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, अशीच चालढकल राहिली तर आजींना माणसांचे चेहरे दिसायचे बंद होतील. त्या दिवशी घरी आले तर आई तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी बूटही न काढता तशीच दारात उभी राहिले.

म्हणून ही गाडी, बाबा. हिच्या सीटची उंची अशी आहे की वाकावं लागत नाही आणि चढावंही लागत नाही, आपल्या पलंगावर बसावं तसं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. विक्रेता म्हणाला, टेस्ट ड्राइव्हला गाडी बिल्डिंगखालीच आणतो. (आपली चाळ पाडून तिथे टॉवर झाला, हे तुम्ही बघितलं नाहीत. आपली खोली जिथे होती तिथे आता पार्किंगचा उतार आहे.) पहिल्यांदा त्याने पेट्रोलची आणली. आई गेटपर्यंत आली, गाडी घुरघुरताना तिने ऐकली आणि तिथूनच मागे फिरली. लिफ्टचं बटण तिला दिसेना, वॉचमनने दाबून दिलं. दुसऱ्या वेळी त्याने हायब्रिड आणली. ती सुरुवातीला बॅटरीवर चालते, चिडीचूप. आई चक्क बसली! मी मागे तिच्याशेजारी, विक्रेता गाडी चालवतोय, आणि आई काचेवर बोट ठेवून विचारतेय, "ह्या दगडूशेट वाण्याचा दुकान मां?" तो वाणी कधीच गेलाय, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, पण मी हो म्हणते. नाक्यावर सिग्नल सुटला, चढावर गाडीला जोर लागला आणि पुढे कुठेतरी पेट्रोलचं इंजिन आपलं आपण जागं झालं. आवाज असा काही मोठा नव्हता. सीटला नुसती एक थरथर आली. आईने माझ्या मनगटात नखं रुतवली. "थांबव. माका उतरव. आताच्या आता उतरव."

पिठाच्या गिरणीच्या पायरीवर तिला बसवलं आणि पाणी दिलं. तेव्हा पहिल्यांदा ती त्या टॅक्सीबद्दल बोलली, तुमच्या छातीत दुखायला लागल्यावर तुम्हाला इस्पितळात नेलं त्या. मी त्या दिवशी ऑफिसातून थेट इस्पितळात आले होते, टॅक्सीत तुम्ही दोघंच होतात. गणपतीचे दिवस, लालबागचा रस्ता माणसांनी भरलेला, टॅक्सी जागच्या जागी उभी आणि तिचं जुनं इंजिन धडधडतंय. तुमचं डोकं तिच्या मांडीवर. "तेंची छाती हलता का गाडी हलता, ताच माका कळा नाय," आई म्हणाली. "मी हात ठेवून बसलंय. माका वाटला, हलता हा. हलता हा. ती गाडीच हलत होती गो." बाबा, त्या पायरीवर मी तिच्याजवळ बसले आणि मला रडूही आलं नाही. एवढ्या वर्षांत मी तिला हट्टी म्हणत आले होते.

मग प्रश्नच उरला नाही. विजेवरची घेतली. सोसायटीत चार्जिंगचं कनेक्शन घ्यायचं तर कमिटीची मंजुरी लागते. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, उद्या शॉर्टसर्किट झालं तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, तुमच्या घरी गीझर आहे ना, तो जेवढा जबाबदार तेवढीच ही. बाबा, तुमचं तोंड मला मिळालंय असं आई म्हणते, ते काही कौतुकाने नव्हे. पण कनेक्शन मिळालं. गाडी आली त्याच दिवशी इस्पितळाची वेळही घेऊन ठेवली. आईला म्हटलं, पूजा करू आणि तशाच जाऊ.

आई नवं लुगडं नेसून खाली आली. बॉनेटवर चाचपत स्वस्तिक काढलं, जरा तिरकं आलं. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, नारळ वॉचमनने फोडला. तो बिहारकडचा आहे, पण आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत सगळ्यांच्या पुढे असतो. मग मी गाडी सुरू केली आणि मागचं दार उघडलं. "चालू कर आधी," आई म्हणाली. "चालू आहे, आई." तिला पटेना. तिने बॉनेटवर पंजा टेकला, मग दारावर, मग सीटवर. बराच वेळ हात तसाच ठेवला. कुठेही काही हलत नव्हतं. मला वाटलं, जिंकलो. तिने एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "गाऱ्हाणा घालूक नाय. गाऱ्हाण्याशिवाय कशी बसतलंय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चाळीत कोणाकडे काही नवीन आलं की गाऱ्हाणं तुम्हीच घालायचात. शिलाईचं मशीन असो, कोणाची स्कूटर असो, टोपी घालून हात जोडून तुम्ही गावच्या देवांना मोठ्याने हाका मारायचात, मागणं मागायचात, आणि तुमच्या प्रत्येक वाक्याला सगळी गॅलरी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. शेजाऱ्यांच्या फ्रीजसाठी तुम्ही "ह्येच्यातला दूध नासान देऊ नको" असं मागितलं होतंत, तेव्हा मी हसले आणि तुम्ही डोळे वटारलेत, पण गाऱ्हाणं थांबवलं नाहीत. मला त्यातलं एक वाक्य धड येत नाही. "आता कोण घालणार?" मी विचारलं. बायकांनी घालू नये असं कोणी सांगितलं नव्हतं, पण घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आईने पदर डोक्यावर घेतला आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! गावच्या रवळनाथा, माऊले, राखणदारा! आज ह्या लेकरान गाडी घेतलीहा, तेका यश दी रे म्हाराजा!" मी आणि वॉचमन म्हणालो, "व्हय म्हाराजा!" "घरातल्या मूळपुरुषा, वाडवडलांनु, पाठीशी उभे रवा रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि मग आईचा आवाज खाली आला. वाडवडलांत आता तुम्हीही आहात, हे मला तेव्हा लक्षात आलं. ती तुमच्याशी बोलत होती. "त्या दिवशी टॅक्सीवालो शिवडीकडसून भोईवाड्यात काढतंय म्हणा होतो. मीच सांगलंय, लालबागवरना ने. गणपतीच्या दारावरना ने. माका वाटला, देवाची नजर पडात, माणूस वाचात. वाट भरलेली आसतली, ह्या माझ्या डोक्यातच इला नाय. तुमका मी पोचवलंय नाय. माझी चूक झाली रे म्हाराजा!"

आणि ती थांबली. गाऱ्हाण्याची रीतच तशी, पुढचं वाक्य साथ मिळाल्याशिवाय म्हणायचं नाही. आई हात जोडून, डोळे मिटून वाट बघत होती. काय म्हणू मी, बाबा? हो म्हणू? आणि आमच्या वॉचमनने, ज्याला मालवणीतलं अक्षर कळत नाही, मनापासून, खणखणीत आवाजात साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

आईने मान डोलावली. निकाल लागल्यासारखी डोलावली. मला त्या बिचाऱ्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण त्याचा काय दोष? मी आईचे जोडलेले हात धरले. म्हटलं, "आई, ऐक. त्या दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. झटका फार मोठा होता. आधी आणलं असतं तरी काही करता आलं नसतं."

"कोण डॉक्टर?"

"ज्यांनी बाबांना तपासलं ते. वयस्कर, चष्मेवाले."

"कधी सांगल्यानी?"

"तू आत बसली होतीस तेव्हा. बाहेर बोलावून."

"आणि इतकी वर्षा माका बोलाक नाय?"

"तू कधी विचारलंच नाहीस. रस्त्याचं तर मला आज कळतंय."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला तो किती दिसत होता कोण जाणे. मग तिने पुन्हा हात जोडले, "आमच्या हातसून झाला-गेला पोटात घे, आणि ही गाडी खय अडकान देऊ नको रे म्हाराजा," म्हणाली, आणि ह्या वेळी मी सगळ्यात मोठ्याने ओरडले. आई सीटवर टेकली, पाय आत घेतले, पदर सावरला. रस्ता कुठला घेऊ हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. इंजेक्शन झालं. परत येताना एसीचं वारं थेट कानात जातं अशी तिची तक्रार होती.

त्याला आता बरेच महिने झाले. आई न चुकता येते. नर्सना सांगते, आमची गाडी एवढी गप्प की शेजाऱ्यांनाही कळत नाही आम्ही गेलो ते. डोळ्यांची पडझड थांबली, उलट थोडी सुधारणाच आहे. भिंग लावून ती पेपरातले मथळे वाचते. तांदूळ पुन्हा बघून निवडते. रात्री झोपते, हेही सांगायला हवं. आधी ती झोपत नव्हती हे मला तिच्या झोपण्यावरून कळलं.

म्हणूनच हे पत्र घरात ठेवता येणार नाही. माझं अक्षर तुमच्यासारखं मोठं आहे, तिला ते सहज वाचता येईल. लिहून झालं की फाडून टाकीन. पण कोणाला तरी सांगायला हवं होतं आणि हे सांगण्यासारखे फक्त तुम्हीच आहात. बाबा, मला कोणी डॉक्टर भेटलेच नव्हते. कोणी बाहेर बोलावलं नव्हतं, चष्मेवालं तिथे कोणी नव्हतं. आधी आणलं असतं तर तुम्ही वाचला असतात का, हे मी तुम्ही गेलात त्या दिवशी इस्पितळात कोणालाच विचारलं नाही. मला भीती वाटली, हो म्हणाले तर.