रोझरी चालू असताना

उमेळे, वसई
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मार्गारेट,

जय ख्रिस्त. आम्ही इकडे ठीक, तुम्ही सगळे नाशिकला मजेत असाल असं धरून चालतो. कागदी पत्र बघून दचकू नकोस, आईला काही झालेलं नाही. उलट कालच वॉकर धरून ओट्यापर्यंत आली आणि कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून मला चांगलं सुनावून गेली. मागच्या वाडीतली केळी उतरवली. शेजारच्या वाडीत इमारतीचा पाया खणतायत, त्यामुळे घरभर धूळ. तुझी लाडकी मांजर माळ्यावर व्यायली आहे.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. "दादा, तू होतास म्हणून आई वाचली. तिला नाशिकला आणायचं मी रद्द करते, तुझ्याइतकं तिला कोण बघणार?" मी नुसतं हं म्हटलं. गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनीही चार लोकांत माझी पाठ थोपटली. मी हसलोसुद्धा. निर्लज्जपणाला काही सीमा!

तर आता ऐक. फोनवर तू मध्येच रडशील आणि मला थांबायला निमित्त मिळेल, म्हणून लिहितोय. शिवाय फोन हातात आला की बोट आधी बुद्धिबळावर जातं, हेही आहेच.

बाबांनी शिकवलेला खेळ तुला आठवतो. रविवारी दुपारी लाकडी पट मांडायचा, एक डाव झाला की पट पलंगाखाली. मोबाइलवरचा डाव तीन मिनिटांचा असतो, पण पलंगाखाली कधी जातच नाही. हरलो की वचपा काढायला आणखी एक, जिंकलो की हात बसलाय म्हणून आणखी एक. आईजवळ बसता यावं म्हणून लवकर निवृत्ती घेतली, असं मीच गावभर सांगितलं होतं. बसतो की. मांडीवर फोन घेऊन.

संध्याकाळची रोझरी आठवते ना? आई "नमो मारिये" म्हणणार आणि आपण दोघं "पवित्र मारिये"ने उत्तर देणार. ते उत्तर मी झोपेतही देईन, म्हणून मला वाटलं, दोन्ही जमतंय. तोंड प्रार्थनेत, डोळे पटावर. एखादी चाल अडली की मी गप्प व्हायचो. आई जरा थांबायची आणि मग माझ्या वाटणीचंही तीच म्हणून टाकायची. एकदाही रागावली नाही. मला ते सोयीचं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी रोझरी अर्ध्यावर आली होती. घरातल्या वेदीवरची मेणबत्ती विझली म्हणून आई उठली. माझा हत्ती मोकळा झाला होता, समोरच्याचा राजा कोपऱ्यात सापडला होता. धप्प आवाज आला. मार्गारेट, मी तो ऐकला. मी वाडीत होतो असं तुला सांगितलं ना? वाडीत नव्हतो. तिच्यापासून चार हातांवर खुर्चीत होतो.

आई म्हणाली, "सॅन्टन, पडले रे."

आणि मी मान वर न करता "पवित्र मारिये" म्हणालो. सगळं, आमेनपर्यंत. मग मात दिली. मग उठलो.

ती रोझरीची माळ मुठीत धरून पडून होती. उचलायला वाकलो तर म्हणाली, "झाला डाव?"

वाडीची थाप माझी, पण "हा लगेच धावला" हे डॉक्टरांना तिने सांगितलं. तुलाही तिनेच. लहानपणी खोटं बोललो म्हणून आपल्याला कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी उभं करणारी आपली आई!

एवढ्याने तरी मी सुधारलो असेन असं तुला वाटेल. तिचं ऑपरेशन चालू असताना मी बाहेरच्या बाकावर खेळत होतो. घरी येऊन गेम काढून टाकला, दोन दिवसांनी परत घातला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. आता फोन शेजारच्या मेलरॉयकडे ठेवायला दिलाय, काही निरोप असेल तर त्याच्याकडे दे. मंगळवारी वसईत एका समुपदेशक बाईंकडे जायचं ठरवलंय. जाईन असं वाटतं.

काल रोझरीला रिकाम्या हातांनी बसलो. तरी डोळे खाली गेले आणि आपल्या काळ्यापांढऱ्या लाद्यांवरून घोडा चालायला लागला. मी कधी गप्प झालो मलाच कळलं नाही. आईने माझ्या वाटणीचं म्हणून टाकलं. मग माझा हात थोपटून म्हणाली, "खेळ रे तू. मी म्हणते दोघांचं."

म्हणून सांगतो, काही रद्द करू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत ये आणि तिला घेऊन जा. ती नाही म्हणेल, मला पाठीशी घालेल. ऐकू नकोस. तिकडे रोज संध्याकाळी तिच्यासमोर बस आणि ती काय म्हणते ते ऐकून मग उत्तर दे.

आज "तुझा दादा" असं लिहवत नाही.

सॅन्टन