गॅलनची नक्कल

वेल्डन, कॅन्सस
२९ ऑगस्ट १९७६

प्रिय गॅलन,

तू बरा असशील. मीही बरा आहे. आईचं पत्र आलं. तिने तुलाही तेच लिहिलं असणार, म्हणून घरचं पुन्हा लिहीत नाही. बाबांची नांगरट झाली. पाऊस नाही. संपलं.

जानेवारीबद्दल मला काही म्हणायचं नाही. कोच बेकरांना काढलं, तुला ते पटलं नाही, तू इथलं सोडून मार्श सिटीच्या कॉलेजात गेलास. तिथे फुटबॉलच्या टीमचा पहिला क्वार्टरबॅक तू, सगळे चेंडू तूच फेकतोस असं ऐकलं. अभिनंदन. मला कुणी बोलावलं नसतं, म्हणून मी इथेच आहे.

नव्या कोचचं नाव प्रुइट. ते ओरडत नाहीत. कानामागे पेन्सिल असते आणि विचारल्याशिवाय बोललेलं त्यांना आवडत नाही. पहिल्याच दिवशी सराव थांबवून त्यांनी मैदानावर पाण्याची पिंपं आणवली. आम्ही लांबच उभे. बेकरांच्या काळात पाणी मागणारा पोरगी ठरायचा. शेवटी डूली पुढे झाला. तोच, आडदांड, बचावात मधे उभा राहणारा. त्याने पेला भरला आणि म्हणाला, "कोच, यात विष तर नाही ना?"

"आहे," प्रुइट म्हणाले. "पण हळू चढतं. हंगाम संपेपर्यंत टिकशील."

मग सगळे प्यायले. तुला हे वाचून राग येईल, पण पाणी चांगलं लागलं.

मला त्यांनी ऑफिसात बोलावलं होतं.

"इथे किती वर्षं झाली?"

"दोन, कोच."

"सामन्याच्या दिवशी टीमचे कपडे किती वेळा चढवलेस?"

"एकदाही नाही."

"बरोबर. तुझ्या हातात जोर नाही. पण नजर आहे. काल खानावळीत माझी नक्कल करत होतास."

मला वाटलं, आता घरी पाठवतात. तर ते म्हणाले, कानामागे पेन्सिल ठेवताना मान डावीकडे कलते हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

तेव्हा आता माझं काम असं. दर सोमवारी पुढच्या शनिवारच्या टीमची फिल्म बघायची. त्यांचा क्वार्टरबॅक कसा उभा राहतो, फेकण्याआधी कुठे बघतो, घाबरला की काय करतो, ते उचलायचं. मंगळवार ते गुरुवार मी तो. आमचा बचाव माझ्यावर सराव करणार. शनिवारी मी वर प्रेक्षकांत.

खांदा कसा आहे? मी कुणाला काही बोललेलो नाही. बोलणारही नाही.

तुझा,
वेंडेल


वेल्डन
१० ऑक्टोबर

प्रिय गॅलन,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी का होईना. तू रागावलेला नाहीस असं त्यावरून धरून चालतो.

पहिले दोन सामने हरलो. गावात प्रुइटांना न्हाव्याने सांगितलं, "कोच, केस थोडे लांबच ठेवतो, पुढच्या गावी जाताना थंडी वाजायला नको." त्यानंतर तीन जिंकलो. आता तोच न्हावी त्यांना खुर्चीतून उठू देत नाही.

मी पाच आठवड्यांत पाच माणसं झालो. एकजण फेकण्याआधी बोटं चाटायचा. एकजण डावीकडे फेकायचं असलं की उजवा मोजा वर ओढायचा. हे मी शोधलं, आणि त्या शनिवारी डूलीने त्याचे दोन चेंडू मधल्यामधे पकडले. डूली मला म्हणाला, "अरे, तू नसतास तर मी त्याच्या मोज्याकडे बघितलंही नसतं. त्याचे पाय काही बघण्यासारखे नव्हते." शाबासकी एवढीच. कोच शाबासकी देत नाहीत. ते मला त्या त्या आठवड्याच्या नावाने हाक मारतात. "होज, परत." "पिंकर्टन, परत." बाकीचेही तसंच. जेवणाच्या रांगेतसुद्धा. आपल्या आडनावाने, श्राग अशी हाक ऑगस्टपासून मी ऐकलेली नाही.

तुमची फिल्म आली आहे. शेवटचा सामना तुमच्याशी, म्हणून कोचनी अजून उघडली नाही, पण मला राहवलं नाही. मी पहिलं रीळ बघितलं. तू छान खेळतोस. पूर्वीपेक्षा शांत.

एक गोष्ट. पडल्यावर तू उजव्या हातावर उठतोस. डावा कोपर बरगडीला चिकटलेला. इतर कुणाच्या लक्षात येणार नाही. मला माहीत आहे म्हणून मला दिसलं.

विचिटाच्या डॉक्टरबद्दल तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. खांदा पुन्हा एकदा निखळला तर कापून ऑपरेशन करावं लागेल, आणि मग हात डोक्याच्या वर जाणार नाही. हे त्याने सांगितलं, आणि तू त्याला थँक्यू म्हणून सरावाला गेलास. मी तुला काय सांगणार? जूनमध्ये तू गव्हाच्या ट्रकच्या फाळक्यावरून पडलास, तेव्हा शेडमध्ये तुझ्या काखेत टाच रोवून खांदा मीच ओढून बसवला. त्याचा आवाज अजून माझ्या पायात आहे. बाबांना कळलं तर फुटबॉल बंद होईल म्हणून तू शपथ घातलीस, मी घेतली. तो मी बसवला म्हणून नीट बसला नाही, असं मला अधूनमधून वाटतं. डॉक्टर काही म्हणाला का?

आईने बिरॉक पाठवले होते, तिचे ते कोबी-खिमा भरलेले पाव. डूलीने सात खाल्ले.

तुझा,
वेंडेल


वेल्डन
बुधवार, १० नोव्हेंबर

प्रिय गॅलन,

घाईत लिहितोय. टपाल सहाला उचलतात.

आम्ही सलग सात जिंकलो आहोत, हे तुला माहीतच असेल. शनिवारी तुम्हीही हरला नाहीत तर मजा नाही. म्हणजे, हरलात तर. काय लिहितोय मी.

या आठवड्यात मी तू आहे. पोरांना फार गंमत वाटते. डूली म्हणतो, "गॅलन, घरी भाऊ कसा आहे रे? अजून तसाच बिनकामाचा?" मी म्हणतो, तसाच. हसतात सगळे.

काल सरावात थोडं काही झालं. विशेष नाही. भेटल्यावर सांगेन.

आणि एक बातमी. मला शनिवारसाठी कपडे मिळाले आहेत. सतरा नंबर. खेळवणार नाहीत, पण मैदानाच्या कडेला टीमबरोबर उभा असेन. आईबाबा येणार आहेत. आईने विचारलंय की तिने कुठल्या बाजूला बसायचं. मी सांगितलं, मधल्या रेषेवर.

थंडी फार पडणार म्हणतात. डाव्या खांद्यावर जाड पॅड लाव. जितकं जाड मिळेल तितकं. थंडीत जुनी दुखणी आखडतात. आणि तुला बरं वाटत नसेल तर एका सामन्याने काही बिघडत नाही. तुमचा दुसरा क्वार्टरबॅकही बरा आहे, मी फिल्ममध्ये बघितला.

पॅड विसरू नकोस.

तुझा,
वेंडेल


वेल्डन
रविवार, २१ नोव्हेंबर

प्रिय गॅलन,

काल आईशी बोललो. टाके कोरडे आहेत, ताप नाही, तू सूप पितोस आणि चिडचिड करतोस. बरं वाटलं. जूनचं डॉक्टरकडून कळूनही बाबांनी त्याबद्दल एकही शब्द काढला नाही असंही ती म्हणाली. ते काढणार नाहीत. तेच वाईट.

दवाखान्यात तू मला म्हणालास, "चांगला गाठला त्याने मला. नियमात होतं." आणि बाबांना म्हणालास, "नशीब." मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. आई माझा हात धरून होती. वेंडेल किती पटकन धावला मैदानात, असं ती नर्सला सांगत होती. मी तिथे काही बोललो नाही. आज लिहितो.

ते नशीब नव्हतं.

मंगळवारी सरावात मी तू होतो. मी चांगला तू होतो, गॅलन. इतका चांगला मी कुणीच झालो नव्हतो, कारण बाकीच्यांना फिल्ममध्ये बघावं लागायचं. तुला बघायला मला फिल्म लागत नाही. चौथ्यांदा पाडलं तेव्हा मी उजव्या हातावर उठलो, डावा कोपर बरगडीला. मुद्दाम नाही. तुझ्यासारखं पडलं की उठणंही तुझ्यासारखंच होतं.

कोचनी शिट्टी मारली. सगळे थांबले. ते चालत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "श्राग."

ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

"हे उठणं त्याचं आहे, की तुझं?"

माझं म्हणता आलं असतं. हात दुखतोय म्हणता आलं असतं. गप्पही बसता आलं असतं. मी म्हणालो, "त्याचा डावा खांदा जूनमध्ये निखळला, कोच. नीट बसलेला नाही. डॉक्टर म्हणतो, पुन्हा निखळला तर कापावा लागेल."

एवढं त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्यांनी शिट्टी खिशात टाकली. मग पेन्सिल काढली, काही लिहिलं नाही, परत ठेवली. डूलीला म्हणाले, "आता त्याला त्याच्या डाव्या बाजूने गाठ." बुधवारी डूलीने मला अकरा वेळा डावीकडून पाडलं. दर वेळी हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, "माफ कर रे, गॅलन." सराव संपल्यावर सामान ठेवणाऱ्याने माझ्या हातात सतरा नंबर दिला. कोचनी सांगितलंय, म्हणाला. मी विचारलं नाही कशाबद्दल.

मग मी खोलीवर जाऊन तुला पत्र लिहिलं. त्यात हवेचं लिहिलं.

ती एक ओळ माझ्या मनात तयार होती: त्यांना तुझा खांदा माहीत आहे, खेळू नकोस. ती लिहिली असती तर कपडे परत द्यावे लागले असते. मागितले नसते कुणी, मीच घालू शकलो नसतो. म्हणून मी पॅड लाव असं लिहिलं. म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि सांगितलं असंही होणार नाही. तू लावलंस पॅड. दवाखान्यात ते कापून काढताना मी बघितलं. दोन लावली होतीस, एकावर एक.

तू गेलास तेव्हा मला सांगितलं नाहीस. जानेवारीत मी खोलीवर आलो तर तुझी गादी गुंडाळलेली. मला त्याचा राग होता आणि म्हणून माझ्या तोंडून ते गेलं, असं मी बारा दिवस स्वतःला सांगतोय. राग होता. पण ते कारण नाही. कारण असं की कोचनी मला माझ्या नावाने हाक मारली होती, आणि ती मला आणखी एकदा ऐकायची होती.

तिसऱ्या सत्रात तू डावीकडे वळलास तेव्हा डूली निघालेला मला दिसला. मी ओरडलो. कुणाच्या बाजूने ओरडलो ते माझ्या शेजारच्यांना कळलं नसेल. सगळेच ओरडत होते. तू उठलास, उजव्या हातावर, अर्धा, आणि परत खाली गेलास. तेव्हा आमच्या रांगेत एकदम शांतता झाली. त्या साठ पोरांनी ते उठणं आठवडाभर माझ्या अंगावर बघितलं होतं.

आम्ही जिंकलो, हे तुला कुणीतरी सांगितलं असेल.

शुक्रवारी मी कपडे परत करायला प्रुइटांकडे गेलो. त्यांनी टेबलावरचे कागद बाजूला केले आणि कपड्यांना जागा केली. म्हणाले, "तू तुझं काम केलंस."

"माझं काम नक्कल करायचं होतं, कोच. सांगायचं नव्हतं."

त्यांनी सतरा नंबरची घडी सरळ केली. मग म्हणाले, "खरं सांगू? तू गप्प बसला असतास तर मी पुन्हा विचारलं नसतं. तो तुझा भाऊ आहे हे मला माहीत होतं."

मी त्यांना दोष द्यावा म्हणून हे लिहीत नाही. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. डूलीलाही दोष देऊ नकोस. त्याला फक्त बाजू सांगितली होती, डॉक्टरचं नाही. ते फक्त मला आणि कोचना माहीत होतं.

आता गुरुवारचं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळे येणार आहेत, मावशीसुद्धा. आई म्हणाली, गॅलनला एका हाताने मांस कापता येणार नाही, तेव्हा वेंडेल त्याच्या शेजारी बसेल आणि कापून देईल. तिने जागा ठरवूनही टाकल्या आहेत.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. मी बुधवारच्या बसने येतोय. मधला एक दिवस तुझा. तुला मी शेजारी नको असेन तर आईला सांग, दुसऱ्या कुणाला बसव. कारण सांगू नकोस. ती मला विचारेल, तेव्हा मी सांगेन, बाबांसमोर. आणि तू काहीच सांगितलं नाहीस तरी मी त्यांना सांगणार आहे, जेवणाआधी. त्यानंतर त्या खुर्चीवर बसू की नको, ते तू बोल. तू बोलेपर्यंत मी उभा राहीन.

वेंडेल