मंडईआधीचे फोटो

प्रिय शकुन,

मोबाईलकडे पाहिलं की तुझं डोकं दुखतं, असं आपली राखी सांगत होती. म्हणून दसऱ्यापासून काढलेले सगळे फोटो स्टुडिओतून कागदावर काढून आणले. सोबत हे पत्र, कारण फोटोतून आवाज येत नाही. आणि माझे कान किती तिखट आहेत ते तुला ठाऊकच आहे. पहिल्या काही फोटोंच्या कोपऱ्यात जे काळं दिसतं ते आभाळ नाही, माझा अंगठा आहे. पुढे हात बसला.

तलावाचा फोटो बघ. डोंग्यात मंगरू आणि काठावर शिंगाड्यांच्या ढिगापाशी सखाबाई. मी मोबाईल वर धरला तशी ती ओरडली, “सेठ, शिंगाडे घेता का निस्ते फोटोच काढता?” घेतले. मग हळूच म्हणाली, “बाई मंडईले येऊन राहिली ना?” मी म्हटलं, जत्रा दिवाळीनंतर, अजून वेळ आहे, बघू. तिनं पिशवीत आणखी एक ओंजळ टाकली. त्या ओंजळीचे पैसे मात्र घेतले नाहीत.

दुसरा आपल्या दुकानासमोरचा. हवा भरायला थांबलेला ट्रक, आणि धुतलेली बनियन आपल्या टायरांच्या चळतीवर वाळत घालणारा ड्रायव्हर. म्हणतो, “सेठजी, ये फोटो मेरी घरवाली को मत भेजना, बोलेगी घर में तो कभी धोया नहीं.” मी म्हटलं, भाऊ, माझ्याच घरवालीला पाठवतो आहे. तेव्हा केसांवरून हात फिरवून पुन्हा नीट उभा राहिला.

लवकर येणारा हलका धान कापून होत आला, भारी अजून उभा आहे. बांधावर भारे पडलेत तो फोटो शेजारच्या सुनेच्या, कामिनीच्या शेतातला. बाया वाकलेल्या, त्यामुळे नुसत्या पाठीच आल्या आहेत. विळ्यांचा तो करकर आवाज ऐकत मी बराच वेळ तिथेच उभा होतो. शेवटी कामिनी म्हणाली, “मामाजी, उभेच रायता तं एक विळा तुमालेबी देतो.” मी दुकानाची वाट धरली.

आता चक्कीचा. केशरबाई आणि रुखमिणी पाठमोऱ्या उभ्या आहेत. त्यांना वाटलं, चक्कीच्या घरघरीत मला काय ऐकू येणार! केशरबाई म्हणाली, “शकुनचे केस गेले म्हणते.” त्यावर रुखमिणी, “तं मंग? पातोड्या का केसानं करते का ते? येऊ दे तिले. मंडईले तिच्या हातचं जेवलं नाही तं मले मंडई झाली असंच नाही वाटत.” हे तुला कळावं म्हणून शब्दाला शब्द लिहिलं आहे.

खरं सांगू? हे फोटो मी गळाला आमिष लावावं तसे काढत होतो. औषधं संपली, डॉक्टरांनी घरी जा म्हटलं, तरी तू केस येईपर्यंत लाखनीत पाय ठेवायचा नाही म्हणून नागपुरात लेकीकडे बसलीस. वाटलं, तलाव पाहील, धान पाहील, आणि मंडईला निघून येईल. रात्री दंडारीचा खेळ बघायला पाहुणे येणार, घर भरणार, आणि तू नसशील हे मला सोसवेना. पण परवा फोनवर तू म्हणालीस, “मी आली तर लोक दंडार सोडून मलेच पायतीन.” तू हसत बोललीस. त्या हसण्यामागचं मला ऐकू आलं.

स्टुडिओत गठ्ठा घेताना फोटोवाल्यानं सहज विचारलं, “घरातल्या माणसाचा एकबी नाही?” मी तिथेच गठ्ठा पुन्हा चाळला. अख्ख्या हंगामात मी गावभर हिंडलो, आणि ज्या माणसासाठी हिंडलो त्याचा एकही फोटो नाही. म्हणून हे पत्र. तू ये असं म्हणायला लिहिलेलं नाही. तुझ्या भावाला कळवलं आहे की यंदा आपल्याकडे चूल पेटणार नाही, त्यानं केशरबाईकडे जेवावं. मंडईच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सकाळच्या एसटीने नागपूरला निघतो. मला तुझा एक फोटो हवा आहे, आत्ता आहेस तसा. बेल वाजली की डोक्याला बांधायचा रुमाल शोधत धावू नकोस. तशीच ये, आणि दार तूच उघड.

तुझाच,
बाबूलाल