खांब माझ्या गच्चीवर, स्पीड दुसऱ्याच्या घरी

लातूर, सोमवार, ३ मार्च

चि. शारिक यास जाहिदाखालाच्या अनेक दुआ.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी तू माझा घात केलास. (तब्येत बरी असेलच. आईच्या गुडघ्याला तेल लाव आणि तिला जिना चढू देऊ नकोस.)

त्या क्षणी मी नांदेडच्या सिंधूशी मोबाइलवर कॅरम खेळत होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरची पाठ वळली की आम्ही बाकावर खडूच्या तुकड्यांना टिचक्या मारायचो, तेव्हापासून ती मला हरवत आली आहे. त्या दिवशी मात्र राणी मी घेतली होती, कव्हरची सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती, आणि स्ट्रायकर अर्ध्या वाटेत थांबला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. ते थांबलं तेव्हा सिंधू जिंकलेली होती. वर सांत्वनाचा फोन. "जाहिदा, वय झालं गं तुझं." (ती माझ्याहून पाच महिन्यांनी मोठी आहे.)

मी अहमदपूरला तुझ्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तो तूच उचललास, हे तुझं नशीब. म्हणे संध्याकाळी सात ते दहा स्पीड आधी क्लासच्या पोरापोरींना, उरला तर बाकीच्यांना. "खाला, नळाचं पाणी समजा ना. एका टाकीतून सगळ्या गल्लीला सोडायचं तर कुणाची तरी चावी आवळावीच लागते की!" अरे, लातूरच्या बाईला पाण्याची वाटणी शिकवतोस? आम्ही रेल्वेने आलेलं पाणी प्यायलो आहोत. आणि तुझी टाकी, म्हणजे तो अँटेनाचा खांब, उभा कुणाच्या गच्चीवर आहे? भूकंपानंतर तुझ्या खालूंनी, आमच्या ह्यांनी, इतकं लोखंड घालून हे घर बांधलं की ठेकेदार विचारायचा, "साहेब, घर बांधायलाव का किल्ला?" म्हणून तुझा खांब वादळातही हलत नाही. आणि त्याच्याच सावलीत मी उपाशी!

मी सरळ मार्गाची बाई. स्पीड विद्यार्थ्यांना, तर विद्यार्थी व्हायचं. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाच्या क्लासात डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी जीवशास्त्राला नाव घातलं. काउंटरवरची बाई म्हणाली, "आजी, नातीचं नाव सांगा." म्हटलं, नातीला येऊ दे तिच्या पायांनी, तू माझं लिही. पावती पाठवताच तुझ्या माणसाने मला मुकाट विद्यार्थ्यांत घातलं. (वय विचारायची पद्धतच नाही. हा कारभार!)

पण मला स्पीड मिळाला म्हणून अन्याय मिटत नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. सगळे ग्राहक सारखे, असं तुझ्याच जाहिरातीवर छापलं आहे. तेव्हा हा पक्षपाती नियम रद्द केल्याचं लेखी उत्तर शुक्रवार, ७ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. नाहीतर घरातल्या सगळ्या गोधड्या ओल्या करून तुझ्या अँटेनासमोर वाळत घालीन, मग सिग्नल पलीकडे कसा जातो ते बघ.

तुझी,
जाहिदाखाला

ता. क. : नियम मेमधल्या परीक्षेपर्यंत राहू दे. येत्या रविवारी आमची चाचणी आहे. सिंधूला कळवलं आहे की मूत्रपिंडाचा धडा सोडून मला सध्या कॅरमला वेळ नाही.

ता. क. २ : माझ्या वरच्या खोलीत शिरूर अनंतपाळची ऋतुजा राहते. गुणी पोर, माझ्याच क्लासात आहे, डबाही मीच देते. मागच्या चाचणीत तिला माझ्याहून चार गुण जास्त पडले. तिचं कनेक्शन वेगळं आहे. शनिवारी सात ते दहा तिची चावी जराशी आवळता येईल का? याचं उत्तर मात्र लेखी नको.