ठिबकचा वॉशर आणि कामिनीची रायफल

२२ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पण मोठ्या माणसांच्या रोजनिश्या मागाहून सापडतात, म्हणून अक्षर जरा नीट काढतो आहे.
पाच तारखेला लेकीची, कामिनीची, धुळ्याला स्पर्धा. छऱ्याची रायफल. पहिल्या तिघींत आली तर राज्याच्या टीममध्ये. पोरीने त्यासाठी लग्नं, जत्रा सगळं सोडलं. आणि नेमके आताच छर्रे खाली लागायला लागले. तिचे कोच योगराज सर म्हणाले, नळीच्या तोंडाचं रबरी सील झिजलंय, हवा गळते, पुण्याहून ओरिजिनल मागवा, दुसरं काही बसवू नका. सर सज्जन आहेत, पण त्यांना शेती नाही. केळीला जन्मभर ठिबक चालवणाऱ्याला गळती शिकवू नये. ठिबकचे रबरी वॉशर घरात पोतंभर पडलेत. हे खातं मी माझ्याकडे घेतलं.
बायकोने, मोहिनीने, मध्येच शेतातल्या तिसऱ्या ओळीचा विषय काढला. तिथे ठिबक गळतंय म्हणे. "पहिले ते ठिबक दखा, मंग बंदूक." हिला मोठं चित्र दिसत नाही.

२५ सप्टेंबर
निवड. प्रत्येक वॉशर दाताखाली दाबून पाहिला. एकच पसंत पडला. रात्री वांग्याच्या भरतालाही रबराची चव. मोहिनीला सांगितलं नाही.

२८ सप्टेंबर
वॉशर खंडेनवमीला पूजा करूनच बसवणार. घाईत केलेलं काम टिकत नाही.
संकल्प: उद्या तिसरी ओळ दुरुस्त करणे.

२९ सप्टेंबर
जमलं नाही. वॉशर बघून बघून डोळ्यांवर ताण आला.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाटावर विळा, फवारणीपंप, रायफल. वॉशर विड्याच्या पानावर, स्वतंत्र. कुंकवाचं ओलं बोट जरा जोरात टेकलं. रबरावर लाल ठिपका पडला, पुसला तरी जाईना. शुभच आहे.
मग रायफलची नळी बिजागरीतून वाकवून तोंडाशी बसवला. नळी परत मिटेना. गुडघा लावून मिटवली. आत घरच्या घाण्याचं शेंगदाणा तेल सोडलं.
चाचणी. मोठा बार, धूर, आणि भज्यांचा वास. शेजारचे गिरधर आबा वासावर आले आणि ओट्यावर बसून राहिले. शेवटी मोहिनीला खरंच भजी तळावी लागली. छर्रा बांधाच्या अलीकडे पडला. वारा होता. केळीचं पान हलत नव्हतं, पण वारा वरून वाहतो कधी कधी.
कामिनीने फडकं घेतलं. तेल पुसते म्हणाली आणि रायफल आत घेऊन गेली. भारावली असावी.

३ ऑक्टोबर
पुण्याहून पार्सल. मी घाबरलो, पण मोहिनी म्हणाली, मिक्सरचं रबर आहे. मिक्सरला मात्र ओरिजिनलच पाहिजे! या घरात काटकसर फक्त मला कळते.
संध्याकाळी मागच्या अंगणात कामिनीचा सराव. एकूणएक छर्रा मधोमध. मी म्हणालो, नवा वॉशर बसायला दोन दिवस घेतोच. ती हो म्हणाली. गुणी पोर.

५ ऑक्टोबर, धुळे
पहिली आली. टीममध्ये निवड. निकाल ऐकला आणि सगळ्यांदेखत रडलो.
नंतर एक पोरगा मोबाइल घेऊन मुलाखतीला आला. मी वॉशरची सगळी हकीकत सांगितली. म्हणालो, पुण्याचं ओरिजिनल विसरा, खान्देशचा शेतकरी इंजिनिअरच असतो. योगराज सरांना एकदम खोकला आला. कामिनी बराच वेळ बुटाची नाडी बांधत होती.

६ ऑक्टोबर
व्हिडिओ गावच्या ग्रुपवर. दिवसभर फोन. साक्रीहून एक जण म्हणाला, तुमच्यासारखा वॉशर बसवला, तेल सोडलं, नुसता धूर निघतो. मी विचारलं, पूजा केली होती का? त्याने फोन ठेवला.
गिरधर आबांना त्यांच्या बंदुकीसाठी वॉशर हवा. म्हटलं, चला शेतात. आधी तिसरी ओळ दुरुस्त करतो, बघत बघत शिका.

६ ऑक्टोबर, संध्याकाळ
तिसरी ओळ गळत नव्हती. खाली माती कोरडी. वाकून पाहिलं. सांध्यात काळा वॉशर, वर कुंकवाचा लाल ठिपका.
मी बांधावर बसलो. आबा विचारत होते, हाच का तो? कामिनी मागून कधी आली कळलं नाही. शेजारी बसली. हळूच म्हणाली, "वॉशर चांगलाच शे, पप्पा. जागा चुकेल व्हती."
आबांना एक वॉशर दिला. म्हटलं, पंपाला लावा, बंदुकीला नको.
घरी आलो. कुणी नाही बघून मिक्सर उघडला. रबर जुनंच आहे.