मामा जागे राहिले ती स्लाइड

तीर्थरूप मामीस नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. रोज जेवणानंतर ही त्यांच्या डोळ्यात थेंब घालते आणि ते खुर्चीत स्वस्थ बसतात. काळजी नसावी. उलट त्यांच्यामुळे आमचा दुरुस्ती विभाग वाचला.

झालं असं, की आमच्या छत्र्यांच्या कारखान्यात नवे साहेब आले. दुरुस्त झालेली छत्री म्हणजे न विकली गेलेली नवी छत्री, असा त्यांचा हिशोब. विभाग बंद करण्याआधी त्यांनी मला स्लाइड दाखवून बाजू मांडायला सांगितलं. (माझे दोन्ही सहकारी बोलायची वेळ आली की पाणी प्यायला जातात.) मी जीव ओतून स्लाइड केल्या. अक्षरं उडत यायची, तक्ते गरागरा फिरायचे. घरी तालीम घेतली. ही छान म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. मामा बसून राहिले. पण पहिल्या तक्त्यालाच त्यांचे डोळे मिटले. तिथे मला पद्धत सापडली. स्लाइड प्रभावी कशी करावी यावर लोक उगाच पुस्तकं लिहितात. मामांचे डोळे मिटले, की ती स्लाइड काढायची. रोज जेवणानंतर तालीम होई आणि रोज काहीतरी गळे. उडती अक्षरं गेली, बहुतेक तक्ते गेले. (काही मी ठेवले. बापाचं काळीज असतं.) शेवटच्या स्लाइडला मात्र मामा टक्क जागे असत. तीवर त्यांचाच फोटो होता, ती जुनी छत्री उघडून उभे असलेला.

बैठक दुपारी जेवणानंतरच होती. मला हातवारे करायला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून मामांना बटणापाशी बसवलं. मी थांबलो की दाबायचं, एवढंच काम. दिवे मालवले. मी अत्यंत शांतपणे सुरुवात केली. नमस्कार संपेपर्यंत सगळ्या स्लाइड सरसर निघून गेल्या होत्या. पडद्यावर मामा उभे, आणि पडद्याखाली मामा डोळे मिटून. दुसरा कोणी असता तर खचला असता. मी त्या छत्रीबद्दल बोललो. तिचं कापड आम्ही बदललं, मग मूठ, मग काड्या. एवढ्या वर्षांत मामांनी स्वतःसाठी दुसरी छत्री घेतली नाही. बोलल्यावर लक्षात आलं की हा साहेबांचाच मुद्दा आहे. साहेबांनी विचारलं, मग यात कारखान्याचा फायदा काय?

मामा डोळे न उघडता म्हणाले, "घरात बाकी सगळ्यांच्या छत्र्या इथल्याच आहेत, साहेब. ही दुरुस्त होते म्हणून घेतल्या."

साहेबांनी दिवे लावायला सांगितले. विभाग चालू राहणार आहे. मामांना नेमक्या वेळी जाग आली, हे माझं नशीब; बाकी सगळी माझी पद्धत.

आपला,
भाचा

ता. क. हेच सादरीकरण आता सगळ्या शाखांत करायचं आहे. तरी मामांना इतक्यात परत बोलावू नये.

ता. क. २. मामांनी हे पत्र वाचलं. ते म्हणतात, झोपलो कधीच नव्हतो. थेंबांनंतर डोळे मिटून बसायला डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तुझी शेवटची स्लाइड येईतो ती वेळ संपलेली असायची. बैठकीत म्हणे मीच शब्दाशब्दाला थांबत होतो, म्हणून ते बटण दाबत गेले. हे शक्य नाही. तुमचा अनुभव दांडगा, म्हणून विचारतो: तुम्ही बोलत असताना मामा डोळे मिटतात, तेव्हा ते ऐकत असतात का? उत्तर मला एकट्याला पाठवावं. काढलेल्या स्लाइड मी अजून जपून ठेवल्या आहेत.