शेवंताची ज्वारी

अहो,

भावाला ताप हाय म्हणून मी माढ्याला चाललेय, उद्या सांजच्याला येईन. पीठ संपलंय, पण तुमी गिरणीत जाऊ नका, शेवंता जाईल. बुधवारी बी ती एकलीच गेली व्हती. आदी तितं कुणाची तरी बाजरी दळली व्हती. तुमी येडी म्हणता त्या आपल्या मुक्या पोरीनं ज्वारीच्या डब्यावर हात दाबून धरला, गिरणीत उरलेलं बाजरीचं पीठ पुरतं निघंस्तोवर उचललाच न्हाय. गिरणीवाले मकदूमभाई सोता सांगत व्हते. भाकरी पांढरीशुभ्र झाली म्हणून तुमी मला शाबासकी दिलीत, ती तिची व्हती.

कामाच्या पाळीला जाताना तिला कोंडायचं कुलूप हुडकत बसू नका. ते माझ्या ट्रंकेला लावून किल्ली संगं नेलीया.

सारजा